आधी आबाला टोच

आप्पा, तुम्ही गेल्याला आता बरीच वर्षं झाली. मनातल्या मनात मी तुमच्याशी पुष्कळ बोलले, पण लिहायला कधी बसले नव्हते. आज बसले, कारण सकाळी वॉर्डात एका लहान मुलीच्या पायाला सुया लावत होते आणि तिच्या आजोबांनी मागून विचारलं, "डॉक्टरीणबाई, हे कामून करायलात?" आवाजात राग नव्हता. तरी माझा हात थांबला. मी नेहमीचं उत्तर दिलं. पोटाचं ऑपरेशन झालंय, दुखण्याचं औषध चालूच आहे, त्याच्या जोडीला या सुयांनी थोडा आराम पडतो, कुणाला पडतो, कुणाला पडत नाही. ते मान हलवून बाहेर बाकावर जाऊन बसले. तुम्ही एवढ्यावर बाहेर गेला नव्हता.

त्या वर्षी मी बिदरला एका धर्मादाय दवाखान्यात भूल देण्याच्या कामावर होते. गुलबर्ग्याला शिकून झालं होतं, नौबादला एक खोली भाड्यानं घेतली होती, आणि आख्ख्या दवाखान्यात भूल देणारी मी एकटीच होते. गावात लोक तुम्हाला विचारायचे, लेक कशाची डॉक्टर? तुम्ही सांगायचात, "माणसाला झोपवायची." लोक हसायचे आणि तुम्हीही हसायचात, पण दर वेळी तेच सांगायचात. आपल्या चिंताकीतली निम्मी तरणी माणसं तेव्हा पुण्याला नाहीतर हैदराबादला गेलेली. आपला धाकटाही गेला, भावजय त्याच्याबरोबर गेली. पुण्यात उभ्या राहणाऱ्या इमारतीत राहायचं, तिथंच वाळू-सिमेंट कालवायचं. कठडे नसलेल्या जिन्यांत लेकरू कसं ठेवायचं, म्हणून त्यांची पोरगी तुमच्याजवळ राहिली. माय आधीच वारली होती. घरात तुम्ही दोघंच, आणि उरलीसुरली मेंढरं. पोरगी शाळेतून आली की तुमच्या मागं मागं माळावर यायची. कोकरांना तिनं नावं ठेवलेली, आणि तुम्ही ती नावं विसरलात की रुसायची.

सुयांचं मी हैदराबादेत शिकले होते, एका वयस्क डॉक्टरांकडं, सुट्ट्या जोडून जोडून. केसापेक्षा थोड्या जाड, लवचीक सुया. ॲक्युपंक्चर, चिनी लोकांची जुनी विद्या, असं ते सांगायचे, आणि लगेच पुढं म्हणायचे, जुनी आहे म्हणून खरी आहे असं समजू नका, पेशंटकडं बघा. मी कंबरदुखी, गुडघेदुखीवर करून बघितलं. मग हर्नियाच्या, टॉन्सिलच्या लहान ऑपरेशननंतर काही मुलांवर केलं, आईबापांना विचारून. काही मुलं शांत झोपली. काही आधीपासूनच शांत होती. आमचे सर्जन चिटगुप्प्याच्या व्यापारी घरातले, घरी कानडी, पेशंटशी मराठी, चिडले की दोन्ही. ते सुयांना नाही म्हणत नव्हते आणि व्हयही म्हणत नव्हते. त्यांना त्यात रस नव्हता, एवढंच.

आणि मग ती सकाळ. उडीद-मुगाच्या राशींचे दिवस आहेत, हवेत चिकट ऊन आहे, आणि तुम्ही दवाखान्याच्या फाटकातून येताय. पोरगी खांद्यावर, घोंगड्यात गुंडाळलेली. मी वरच्या गॅलरीतून तुम्हाला चालीवरून ओळखलं आणि जिना उतरता उतरता समजले की काहीतरी फार वाईट आहे, कारण तुम्ही पळत नव्हता. हिसका बसला की पोरगी विव्हळत होती, म्हणून पाण्यानं भरलेली घागर न्यावी तसे जपून पावलं टाकत होता. टेबलावर ठेवल्यावर मी तिच्या पोटाला हात लावला. फळीसारखं कडक पोट. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले, नाडी हाताला लागता लागता निसटायची. एक्स-रे बघून सर्जन म्हणाले, "टायफॉईड. आतडं फुटलंय. आत्ताच उघडायला पाहिजे." मग माझ्याकडं बघून थांबले. "घरचं लेकरू तुमचं. पण दुसरं कोण हाय भूल द्यायला? तुम्हीच द्या."

दिली. लेकराच्या नाकावर मास्क धरताना तिनं "आत्या" म्हटलं, तेवढंच. सिस्टरनं आयोडीन लावायला झगा वर केला आणि मी बघितलं. बेंबीच्या चारी बाजूंना डाग. ताजे, खपली धरलेले, एक अजून ओला.  पोटदुखीवर डाग देतात, आमच्या भागात हे सगळ्यांना माहीत आहे. सर्जननी त्या डागांच्या मधून चिरा घेतला. ऑपरेशन चालू होतं तेवढा वेळ माझे डोळे तिच्या छातीवर आणि हात श्वास देणाऱ्या फुग्यावर होते, पण मन आपल्या चुलीसमोर होतं. मी लहान आहे, पोट फुगलंय, मायनं माझं तोंड पदरात घेतलंय आणि दाभण चुलीत लाल होतंय. माझे पाय कुणी धरले होते ते मला आठवतं. आप्पा, ते हात मी कुठंही ओळखले असते.

बाहेर आले तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून उभे होता. बसला नव्हता. मी सांगितलं, भोक शिवलंय, पोट धुतलंय, आता बघायचं. मग विचारलं, "पोट कवापासून दुखत होतं?"

"चार-पाच दिस झाले असतील."

"आन् डाग?"

तुमची नजर खाली पडलेल्या घोंगड्याकडं गेली.

"डाग देऊन वाट बघत बसलात. तवाच का आणलं न्हाई?"

"तुलाबी दिलता की," तुम्ही हळू म्हणालात. "जगलीस न्हवं?"

"मी डागानं जगले न्हाई आप्पा. डाग देऊनबी जगले."

बाकावर बसलेल्या दोघांनी तोंडं फिरवली. तुमच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तुम्ही घोंगडं उचललं, झटकलं, आणि पुन्हा घडी करायला लागलात. घडी नीट होत नव्हती.

दुपारी ती शुद्धीवर आली आणि कण्हायला लागली. रडायला ताकद नव्हती, नुसता प्रत्येक श्वासाला एक बारीक आवाज. मी तिच्या वजनाला बसेल असं दुखण्याचं जोरकस इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात आवाज थांबला, चेहरा सैल पडला, आणि मला बरं वाटलं. तुम्ही पायथ्याशी होता, तुम्हीच म्हणालात, "झोपली वाटतं." मग मी तिच्या छातीकडं बघितलं. छाती वर आली, खाली गेली, आणि तशीच राहिली. मी वाट बघितली. पुन्हा एकदा वर आली, फार सावकाश. ओठांचा रंग बदलायला लागला होता. मी तिला हलवलं, गालावर चापट्या मारल्या, "श्वास घे, बाळा, श्वास घे," सिस्टर मास्क घेऊन धावली आणि मी फुगा दाबून तिला श्वास देत राहिले. सर्जन आले. तिच्या अंगात ताकद उरली नव्हती, रक्तात विष पसरलं होतं, इतर लेकरांना सोसणारा डोस तिला जड गेला होता. त्या इंजेक्शनावरचा उतारा दिल्यावर हळूहळू ती आपला श्वास आपण घ्यायला लागली, आणि त्याबरोबर दुखणंही परत आलं. तुम्ही सगळं बघितलंत.  त्यानंतर मी हातात सिरिंज घेतली की तुम्ही पलंगाच्या जवळ सरकायचात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धाप लागलेल्या कोकरासारखा श्वास घेत होती. छोटा, वरच्यावर, घाईचा. पोट जरा हललं तरी टाके ओढायचे, म्हणून पोट हलूच द्यायचं नाही असं त्या लेकरानं ठरवलं होतं. मी स्टेथोस्कोप लावला. उजव्या बाजूला खाली हवा जातच नव्हती. छातीत कफ बसत चालला होता. बोटाला लावायचं प्राणवायू मोजणारं यंत्र ऑपरेशनच्या खोलीतून आणून लावलं. त्यावरचा आकडा काल होता त्याच्या खाली होता, आणि आणखी खाली यायला लागला होता. साधं दुखण्याचं औषध वेळच्या वेळी चालू होतं, पण ते पुरं पडत नव्हतं. जोरकस औषध द्यावं तर श्वास मंदावतो, न द्यावं तर दुखण्यानं ती श्वासच घेत नाही. तिला उठून बसवायला गेलं की ती किंचाळायची, आणि किंचाळायलाही श्वास पुरत नव्हता.

सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, "नोडी डॉक्टर, बघा, हिनं खोकून कफ काढायला पाहिजे. न्हाईतर यंत्रावर घ्यावं लागंल, आन् ते यंत्र इथं न्हाई. हैदराबादला धाडायचं म्हणलं तर हा रस्ता हिला सोसंल का?" आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तो रस्ता आम्हाला ठाऊक होता. मी म्हटलं, सुया लावून बघते. ते चष्मा पुसत राहिले. "मला त्यातलं कळत न्हाई. लावा. पण माझं एकबी औषध बंद करायचं न्हाई. दुपारच्या फेरीला मी येतो. तवा छातीचा आवाज तसाच असला तर गाडी बोलवायची."

मी पुडकं घेऊन पलंगाजवळ आले तेव्हा तुम्ही तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होता. फाडलेल्या पाकिटातून सुई बाहेर आली आणि तुम्ही ती बघितलीत.

"ते काय हाय?"

मी सांगितलं. हाताला आणि पायाला टोचायची, पोटाला नाही. थोडा वेळ ठेवायची, मग काढायची. दुखणं कमी होतं का बघायचं.

"औषध हाय का त्यात?"

"न्हाई. नुसती सुई."

तुम्ही माझं मनगट धरलंत. जोरात नाही, पण सोडलं नाहीत. "मी दाभण टोचलो तर अडाणी. तू सुई टोचलीस तर डॉक्टर, व्हय?"

वॉर्डात दुसरे पेशंट होते, सिस्टर सलाइनची नळी धरून तशीच उभी राहिली. मला पुस्तकातली वाक्यं आठवली, आणि त्यातलं एकही तुमच्यापुढं टिकलं नसतं. कारण तुम्ही विचारलं होतं ते मी स्वतःलाही विचारलं होतं, हैदराबादहून परतताना बसमध्ये. माझ्या पोटावर डाग होते, आणि मी लेकरांना सुया टोचायला शिकून आले होते.

"मला खात्री न्हाई आप्पा," मी म्हटलं.

"खात्री न्हाई, मग कामून टोचायलीस?"

"इंजेक्शन दिलं तर तिचा श्वास थांबायलाय. न्हाई दिलं तर ती श्वास घ्यायली न्हाई. काल बघितलात की तुमी. सुईनं आतडं शिवत न्हाई, ते शिवून झालंय. औषध चालूच हाय. याच्यामुळं कुठलंबी काम थांबणार न्हाई, कुणी वाट बघत बसणार न्हाई. उपयोग न्हाई झाला तर काढून टाकते." मग सुचलं तसं बोलले. "आन् तिला इचारून टोचणार. ती न्हाई म्हणली तर न्हाई."

"एवढ्याशा लेकराला इचारणार?"

"व्हय. अंग तिचं हाय."

तुम्ही मनगट सोडलंत. आम्ही दोघं भांडत होतो तेवढ्या वेळात तिनं डोळे उघडले होते, आणि ती सगळं ऐकत होती. मी सुई तिला दिसेल अशी धरली. ही इथं टोचायची, अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधल्या मांसात, आणि पायाला गुडघ्याच्या खाली. टोचू का?

"दुखतं का आत्या?" शब्द तुटत तुटत आले.

"थोडं. मुंगी चावल्यावानी."

तिनं सुईकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग मान न हलवता, नुसती नजर वळवून तुमच्याकडं बघितलं. "आधी आबाला टोच."

आप्पा, तुम्ही एकदा दाराकडं बघितलंत. मला वाटलं आता तुम्ही उठून जाल. पण तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि उजवा हात पलंगाच्या कडेला ठेवलात. तो हात मी इतक्या जवळून बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. लोकर कातरायच्या कात्रीनं अंगठ्याच्या बुडाला पडलेला घट्टा, दोरीनं कापलेल्या जुन्या खुणा, बारीक भेगांत बसलेली काळी माती. पहिली सुई आत गेलीच नाही, वाकली. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. मी दुसरी घेतली, जागा थोडी बदलली, आणि ती गेली. पोरगी तुमच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. तुमच्या कपाळावरची एक शीर हलली.

"दुखायलंय का आबा?"

"न्हाई." तुम्ही थांबलात, खरंच काय वाटतंय ते बघितल्यासारखं. "जड वाटायलंय. हातावर कुणीतरी हात ठेवल्यावानी."

मी तुम्हाला काही सांगितलेलं नव्हतं. हैदराबादचे माझे गुरुजी हेच विचारायचे, जड वाटतं का, म्हणजे सुई जागेवर बसली. पोरीनं आपला हात माझ्याकडं सरकवला. थोडासाच, चादरीवरून, पण तिनं स्वतः सरकवला.

मग वाट बघणं. दोन्ही हातांत, दोन्ही पायांत सुया, आणि तुमच्या हातात एक, कारण ती काढायचं मीही विसरले आणि तुम्हीही म्हणाला नाहीत. खिडकीबाहेर कुणी उडीद झोडपत होतं, त्याचा ताल वॉर्डात येत होता. यंत्रावरचा आकडा हलत नव्हता. मी तिच्या कपाळावरच्या आठ्या बघत होते, तुम्ही मला बघत होता. तुमच्या नजरेत जे होतं त्याला मी त्या वेळी राग समजले. आता वाटतं, मी काल कॉरिडॉरमध्ये तुमच्याकडं जशी बघत होते तसे तुम्ही बघत होता. आता तू लेकराला काय करायलीस ते मी बघतो, असं.

कधी झालं ते नेमकं सांगता येत नाही. आधी तिची उजवी मूठ सुटली. कालपासून तिनं चादर धरून ठेवली होती, ती तिच्या बोटांतून निसटली. मग कानापर्यंत उचललेले खांदे खाली आले. श्वासाबरोबर येणारा तो बारीक आवाज एका श्वासाला आला, पुढच्याला आला नाही, पुन्हा आला. मी तुम्हाला म्हटलं, आता बसवू या. उशी तिच्या पोटाशी धरली, तुम्हाला सांगितलं, दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरा, टाके ओढू देऊ नका. सुई असलेल्या हातानंच तुम्ही उशी धरलीत. मी पाठीमागून तिला आधार दिला. "आता खोक. माझ्यासाठी एकदा."

पहिला खोकला मांजरीच्या शिंकेएवढा. ती रडली. "आजून एकदा," तुम्ही म्हणालात, तुमचा आवाज मला ओळखू आला नाही. दुसऱ्या वेळी आतून काहीतरी सुटल्यासारखा खरखर आवाज आला. तिसऱ्या वेळी ती पोटातून खोकली, सगळं अंग हादरलं, आणि तोंडात कफ आला. भांडं जवळ नव्हतं. तुम्ही डोक्यावरच्या पटक्याचा सोगा पुढं केलात. पिवळा, घट्ट कफ. आयुष्यात मी कुठल्या वस्तूकडं इतक्या आनंदानं बघितलेलं नाही. ती दमून माझ्या छातीवर टेकली, आणि तशीच टेकून तिनं एक खोल श्वास घेतला. मग आणखी एक. आकडा एकानं वर गेला. मग उतरला, आणि पुन्हा वर गेला.

सर्जन फेरीला आले, पाठीवर स्टेथोस्कोप लावून डोळे मिटून ऐकत राहिले. "हवा जायलीय," ते म्हणाले. "गाडी नको." मग त्यांची नजर तुमच्या हातावर गेली. "हे पेशंट कुठले?" तेव्हा कुठं आम्हाला कळलं, सुई अजून तशीच होती.

त्या दिवशी सगळं सुटलं असं नाही. संध्याकाळी ताप चढला, दुसऱ्या दिवशी जखमेतून थोडा पू आला, औषधं बदलली, खोकणं, रडणं, पुन्हा बसवणं चालूच होतं. रोज मी तिला विचारायचे, टोचू का? ती आधी तुमच्याकडं बघायची, मग हात पुढं करायची. एके दिवशी तिनं हात पाठीमागं घेतला. "आज नको." त्या दिवशी तिला चांगलंच दुखत होतं, जखम धुतली होती, आणि मला मनापासून वाटत होतं की सुयांनी आराम पडेल. तुम्ही माझ्याकडं बघत होता. मी पुडकं खिशात घातलं आणि निघाले. दुपारभर ती रडली, तुम्ही तिला कोकरांच्या गोष्टी सांगत बसलात, सगळी नावं बरोबर घेत. दुसऱ्या दिवशी मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आत्या, टोच." त्यानंतर मी सुया आणल्या की तुम्ही उठून मला स्टूल द्यायला लागलात.

पुण्याला निरोप पोचायला वेळ लागला. साइटच्या शेजारी चहाचं दुकान होतं, तिथं फोन करून सांगावं लागायचं. धाकटा आला तो मिळेल त्या गाडीनं, पायांवर वाळलेलं सिमेंट तसंच. ड्रेसिंगच्या वेळी त्यानं तिचं पोट बघितलं. टाक्यांकडं नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या डागांकडं. "हे कुणी केलं?" मी तोंड उघडलं. तुम्ही माझ्या आधी बोललात.

"मी."

पुढं ना कारण, ना काही. धाकटा खूप वेळ बाहेर जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा त्यानं तुमच्यासाठी चहा आणला होता. तुम्ही तो घेतलात, पण हातात धरून बसलात, निवेपर्यंत.

पोरगी बरी होऊन गावी गेली, पुढं धाकट्यानं तिला पुण्याला नेलं, तिकडंच शिकली. तिला त्यातलं फार थोडं आठवतं. मी मात्र सुया सोडल्या नाहीत. मोठ्या ऑपरेशननंतरच्या मुलांना, जळालेल्या मुलांना, विचारून, औषधाच्या जोडीला लावत आले. काहींचे खांदे खाली येतात. काहींना काडीचा फरक पडत नाही. एका मुलानं तर हाताला झटका देऊन सगळ्या सुया उडवल्या, मला बरंच बोलला, आणि मी त्याचं खरं मानलं. नवीन डॉक्टर विचारतात, मॅडम, हे सुईनं होतं की तुम्ही जवळ बसता म्हणून? मी सांगते, दोन्ही वेगळं काढायला मला जमलेलं नाही. तुम्हीही स्टुलावर होताच की त्या दुपारी.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. जे सांगायचं आहे ते पुढचं. पुढच्या एका उन्हाळ्यात तुम्ही पुन्हा फाटकातून आलात, खांद्यावर लेकरू. आपल्या शेजारच्या घरातलं, बाप हैदराबादला, आई नुकतीच बाळंत झालेली. सकाळी पोट दुखायला लागलं आणि तुम्ही त्याला उचलून मिळाली त्या जीपमध्ये बसलात. मागाहून कळलं, लेकराच्या आजीनं दाभण चुलीत घातलंही होतं, आणि तुम्ही ते चिमट्यानं काढून अंगणात फेकलंत. भावकीत बोलणी झाली. म्हाताऱ्याला लेकीनं शिकवलं, असं कुणी म्हणालं. यातलं तुम्ही मला काही सांगितलं नाहीत. तुम्ही एवढंच म्हणालात, "पोट दुखायलंय म्हणला. आणलो."

मी लेकराला टेबलावर घेतलं. पोट तपासायचं म्हणजे सदरा वर करावाच लागतो, कुठल्याही डॉक्टरला लागतो. पण माझा हात दुखण्याच्या जागी गेला नाही, आप्पा. आधी माझे डोळे बेंबीच्या चारी बाजूंना फिरले. कातडी कोरी होती. मी मान वर केली तर तुम्ही माझ्याकडं बघत होता. मी काय शोधत होते ते तुम्हाला कळलं होतं.  "तपास," म्हणालात, आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिलात. ते अपेंडिक्स होतं, वेळेवर आलं, लेकरू चालत घरी गेलं.

त्यानंतर तुम्ही दोन पावसाळे होता. आपण कितीतरी वेळा भेटलो, जेवलो, मेंढरांचं बोललो. तो विषय निघाला नाही. आणि आता हे लिहून झालंय, ते कुठं पाठवायचं नाही, कपाटात राहील. तुम्हाला वाचता येत नव्हतं. धाकट्याची पुण्याहून आलेली पत्रं मीच सुट्टीला आले की तुम्हाला वाचून दाखवायचे, आणि त्यात काही वाईट असलं तर मनानं बदलायचे. तुम्ही असता तर हे पत्रही मलाच वाचावं लागलं असतं. खरं सांगते आप्पा, त्या लेकराचा सदरा वर केला इथंवर आले असते, आणि पुढच्या चार ओळी गाळून एकदम म्हणाले असते, ते अपेंडिक्स होतं, लेकरू चालत घरी गेलं.